मेलेल्या कॉईलचे चारशे

गल्लीतले सगळे तिला आत्या म्हणत. शेजारचा चावीवाला तिच्याहून सात वर्षांनी मोठा, पण तोही आत्याच म्हणे, आणि वर "तुम्हाला आत्या म्हटलं की मला फार तरुण वाटतं" असंही ऐकवी. फक्त एक माणूस तिला दुसऱ्या नावानं हाक मारायचा, आणि ते धड नावही नव्हतं. आकडा होता.

"ए नऊशे, कात्री कुठेय?" "नऊशे, जेवलीस का?" "नऊशे, तो लांब केसवाला आला तर सांग, मी मेलो."

हा तिचा थोरला भाऊ, दादा. शेवटचं वाक्य त्यानं वीस वर्षांत शंभरदा तरी म्हटलं असेल. आठ महिन्यांपूर्वी तो खरंच गेला. पंधरवड्यानं लांब केसवाला दारात आला, तेव्हा आत्यानं त्याला सांगितलं, तर तो हसला. "बरं बरं. मग कधी येऊ?" तिनं पुन्हा सांगितलं. तेव्हा त्यानं केस कानामागे सारले आणि बराच वेळ गिटारीच्या पिशवीची चेन वर-खाली करत उभा राहिला.

दुकान म्हणजे दोन दुकानांमधली फट. एकाला आत जायचं तर दुसऱ्यानं पोट आत घ्यायचं. छताला इलेक्ट्रिक गिटारी मानेनं टांगलेल्या, रांगेत. रस्त्यावरून जड गाडी गेली की त्या सगळ्या मिळून अगदी हळू गुणगुणायच्या. नवखं गिऱ्हाईक दचकून वर बघायचं. "काही नाही," दादा म्हणायचा, "कोण आलंय ते एकमेकींना विचारतायत."

काम नाजूक होतं. गिटारीच्या तारांखाली एक पट्टी बसवलेली असते, तिला पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक, आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार, सात-आठ हजार वेढे. ही गुंडाळी म्हणजे कॉईल. वर तार थरथरली की खाली कॉईलला कळतं, आणि कॉईलला कळलं की स्पीकरला कळतं. पण आठ हजार वेढ्यांत कुठे एका जागी तार तुटली, की सगळं मुकं. ते बघायला मल्टिमीटर. लाल टोक कॉईलच्या एका शेवटाला, काळं टोक दुसऱ्याला. कॉईल जिवंत असेल तर आकडा येतो सात, साडेसात, आठ. त्यापुढे किलो-ओहम असं काहीतरी म्हणायचं असतं, पण या दुकानात त्यासाठी कुणी तोंड वाया घालवत नसे. आणि कॉईल मेलेली असेल तर मीटरच्या काचेवर आकडा न येता दोन इंग्रजी अक्षरं उमटतात, ओ आणि एल. म्हणजे, माझ्या आवाक्याबाहेर आहे, मला विचारू नका. दादानं ती दोन अक्षरं पहिल्याच दिवशी जोडून वाचली होती. ओल.

तेव्हापासून त्यांच्याकडे पिकअप मरत नसे, त्याला ओल येत असे. "हिला ओल आली, ठेव बाजूला." एकदा एका जाड चष्मेवाल्या वादकाला दादानं सवयीनं तेच सांगितलं. त्या भल्या माणसानं पिकअप घरी नेलं आणि तीन दिवस गच्चीवर कडक उन्हात वाळवलं. वेढे हलू नयेत म्हणून आत भरलेलं मेण वितळून बाहेर आलं. चौथ्या दिवशी प्लॅस्टिकच्या डब्यात तो चिखल घेऊन तो हजर. नाकातून बोलायचा. "मास्तर, आता अगदी कोर्रडं ठणठणीत झालंय. बघा तुम्ही." दादानं ते गंभीर चेहऱ्यानं बघितलं, गिऱ्हाईक वळणावर दिसेनासं होईपर्यंत गंभीरच राहिला, आणि मग महिनाभर बहिणीनं काहीही विचारलं की नाकातून उत्तर द्यायचा. "चहा? कोर्रडा ठणठणीत आण."

नऊशेचीही गोष्ट अशीच. आत्या नवीनच शिकायला बसली होती. मीटरची टोकं सटकू नयेत म्हणून तिनं ती कॉईलच्या शेवटांवर दोन्ही हातांच्या चिमटीत घट्ट दाबून धरली. काचेवर आलं नऊशे. आठच्या जागी नऊशे म्हणजे फार झालं, पण ओल तर नाही ना, म्हणून तिनं पिकअप जिवंत ठरवून गिऱ्हाइकाला देऊनही टाकलं. दुसऱ्या दिवशी ते मुकंच परत आलं. दादानं तिला समोर बसवलं.

"टोकं कशी धरली होतीस, दाखव."

तिनं दाखवलं. त्यानं खालची कॉईल हळूच काढून घेतली. मीटरवर नऊशे तसेच.

"बघ. कॉईल आधीच मेली होती. तू स्वतःला मोजलंस."

माणसाच्या अंगातूनही थोडी वीज जाते. कोरड्या बोटांतून कमी जाते, ओल्या बोटांतून जास्त, आणि जितकी सहज जाते तितका मीटरवर आकडा लहान. आत्याचे तळवे जन्माचे कोरडे, कागदासारखे. नऊशे. मग दादानं टोकं स्वतःच्या चिमटीत धरली. त्याच्या हातांना बारा महिने घाम. दर पाच मिनिटांनी पँटला तळवे पुसायची सवय, डाव्या खिशात खडूच्या पुडीची बाटली. चारशे.

"तू नऊशे, मी चारशे. आता दोघं एकदम धरू."

दोघांनी धरलं. आत्याला वाटलं तेराशे येतील. आले दोनशे सत्त्याहत्तर.

"वाट एकाची दोन झाली की आकडा कमी होतो," दादा म्हणाला. "गुणाकार कर, बेरजेनं भाग. दोघांचे मिळून नेहमी दोनशे सत्त्याहत्तर. लक्षात ठेव, कधी हरवलीस तर सापडायला उपयोगी पडेल."

ते तिनं ऐकलं आणि हसून सोडून दिलं.

तर दादा गेला. जाताना दवाखान्यात तो दोन दिवस बोलत नव्हता. शेवटच्या दुपारी त्यानं चादरीवरून हात सरकवून तिचा हात धरला. घामेजलेला, गरम. धरला तो धरलाच. तेवढ्यात तिचा फोन वाजला. लांब केसवाला. "आलेच," ती म्हणाली, आपली बोटं एकेक करून सोडवली आणि बाहेर गेली. "हो, पिकअप झालंय. सात पूर्णांक आठ आलाय. छान आहे. या कधीही." आत आली तेव्हा परिचारिका पडदा ओढत होती. दादाचा हात चादरीवर तसाच होता, अर्धा वळलेला, कुणीतरी नुकताच त्यातून काहीतरी काढून घेतल्यासारखा. त्यानंतर आठ महिन्यांत आत्या कुणालाही "आलेच" म्हणाली नाही. दुकानातून उठायचं झालं तर नुसतीच उठून जायची.

बुधवारी वहिनी आली. पाठीवर दादाची स्वतःची गिटार.

"वन्सं, ही पुढची पट्टी मुकी झालीय," ती म्हणाली. लग्नात सगळ्यांनी हसत हसत शिकवलेला तो शब्द वहिनीनं पुढे कधी सोडलाच नव्हता. "शनिवारी सकाळी पोर निघतेय नोकरीच्या गावी. म्हणते, वाजली तर नेते. मुकी असेल तर भिंतीवर टांगून बाबांकडे बघत बसायला मला जमायचं नाही."

"बघते ना."

"नेऊ दे तिला," वहिनी म्हणाली आणि थोडी घुटमळली. "मलाही ती घरात नकोय. रागानं नाही म्हणत. दुपारी मी जरा आडवी झाले की तारांचा आवाज येतो."

"खिडकीतून वारा येत असेल."

"खिडकी बंद असते. आणि वाऱ्यानं तार झणझणेल की नाही? ही झणझणत नाही. नुसती टक्. कुणीतरी तळवा ठेवल्यासारखी."

आत्यानं गिटार टेबलावर आडवी ठेवली. दादाचा उजवा हात जिथे टेकायचा तिथला रंग झिजून लाकूड उघडं पडलं होतं. दोन्ही पिकअप त्यानं स्वतः गुंडाळलेली, मशीनवर, पण तार बोटांनी चालवत आणि वेढे तोंडानं मोजत. नऊशे अठ्ठ्याण्णव, नऊशे नव्व्याण्णव, हजार, चहा. दर हजाराला चहा. आठ हजारांच्या पिकअपला आठ कप. "म्हणून यांचा आवाज जागा असतो," म्हणायचा.

वहिनी गेल्यावर तिनं मुकं पिकअप काढलं. भिंगाखाली दोन्ही शेवट तपासले, दोन्ही ठीक. म्हणजे तार आत कुठेतरी तुटली होती, आणि आत म्हणजे कापणं आलं. दादानं मोजलेले आठ हजार वेढे पात्यानं उभे चिरायचे, सोलून टाकायचे आणि सांगाड्यावर नवीन तार गुंडाळायची. दुसरा उपाय नाही. तिनं अशी शेकड्यानं कापली होती. तरी खात्री म्हणून एकदा मोजूया, ओल तर ओल, म्हणून तिनं मीटरची टोकं चिमट्यांनी कॉईलला जोडली, हात मांडीवर घेतले आणि काचेकडे बघितलं.

चारशे.

तिनं पहिल्यांदा स्वतःचे हात बघितले. मांडीवरच होते. चारशे एक. तीनशे नव्व्याण्णव. चारशे तीन. कॉईल जिवंत असली तर आठ यायला हवे होते, मेलेली असली तर ओल. कॉईलचा आकडा कधी चारशे नसतो, आणि असा हलतही नाही. असा फक्त माणसाचा हलतो, कारण माणूस श्वास घेतो, बोटं आवळतो, सैल सोडतो.

तिनं मीटर बदललं. कपाटातलं दादाचं जुनं मीटर काढलं, नवी बॅटरी घातली. चारशे दोन. चिमटे एकमेकांना भिडवले, शून्य. मोकळे सोडले, ओल. म्हणजे मीटरची काही चूक नव्हती. पुन्हा कॉईलला लावले. चारशे. बाहेर दुपारचे साडेतीन वाजले होते, चावीवाल्याचं यंत्र किंचाळत होतं, ऊन पायरीपर्यंत आलं होतं, आणि भर उजेडात आत्याच्या मानेवरचे केस उभे राहिले.

गुरुवारी सकाळी ती पलीकडच्या दुकानात मुद्देकाकांकडे गेली. हे रेडिओ दुरुस्तीवाले. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला "मुद्दा काय" म्हणायचे, आणि मुद्दा नसला तरी म्हणायचे. पत्नीला दवाखान्यात कळा सुरू झाल्या तेव्हा डॉक्टरांना त्यांनी "मुद्दा काय, बाळ येतंय" असं सांगितल्याचं गल्ली अजून सांगते.

काका आले, पोट आत घेऊन बसले, चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"मुद्दा काय आत्याबाई, ही ओल आहे."

"ओल आली असती तर मी तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

"तुमची ओल नव्हे. खरी ओल. दमटपणा. मुद्दा काय, तार तुटली आहे, पण तुटल्या जागी जुन्या मेणात जरा ओलावा साचलाय. त्यातून चोरून थोडी वीज जाते. भूतबीत काही नाही."

"मी कुठे भूत म्हटलं?"

"तुम्ही नाही म्हटलंत. तुमचा चेहरा म्हणतोय." ते हसले. "मुद्दा काय, वाळवा. दिव्याच्या पेटीत ठेवा. ओलावा उडाला की आकडा चढत जाईल, चारशे, सहाशे, हजार, आणि संध्याकाळपर्यंत तुमची ती ओल येईल. मग खुशाल कापा."

आत्याला एवढं बरं वाटलं की तिनं त्यांना चहा पाजला. दोन महिन्यांत पावसाचा थेंब नव्हता, हवा पापडासारखी कोरडी होती, हे तिच्या मनात आलं होतं. ते तिनं चहाबरोबर गिळलं.

दिव्याची पेटी म्हणजे पत्र्याचा जुना डबा, आत एक बल्ब, गिटारींचा रंग वाळवायला दादानं केलेली. तिनं पिकअप आत ठेवलं, चिमट्यांच्या वायरी फटीतून बाहेर मीटरला, आणि बल्ब लावला. काका समोर स्टुलावर बसून राहिले, कारण त्यांनाही गंमत बघायची होती.

दहा मिनिटांनी आकडा हलला.

"हं," काका म्हणाले. "सुटली गाडी."

तीनशे ब्याण्णव.

"खाली येतोय काका."

"मुद्दा काय, आधी जरा खाली येतो, मग चढतो. मेण गरम होतं ना."

तीनशे सत्तर. तीनशे पंचेचाळीस. पेटीचा पत्रा हाताला चटका बसेल इतका तापला होता. आत ओलावा असता तर केव्हाच उडायला हवा होता. तीनशे दहा. दोनशे नव्वद. आत्या काचेकडे बघत होती आणि तिला उन्हाळ्यातला दादा दिसत होता. पंखा नसलेल्या दुकानात घामाघूम, पँटला तळवे पुसून पुसून मांडीवर दोन काळे डाग पडलेले. उकडलं की ओलावा उडतो, आणि आकडा चढतो. उकडलं की हाताला घाम येतो, आणि आकडा उतरतो.

दोनशे पन्नास.

"मुद्दा..." काका म्हणाले.

एवढंच म्हणाले. या गल्लीत त्यांचं ते वाक्य अर्धं राहिलेलं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनी चष्मा परत कपाळावर चढवला, उठले, "दुकान उघडंच टाकून आलोय" असं पुटपुटले आणि गेले. दुपारभर त्यांच्या दुकानातून मोठ्यानं लावलेला रेडिओ ऐकू येत होता, नुसती खरखर, स्टेशन न लावलेला.

आत्यानं बल्ब बंद केला. पेटी निवत गेली तसा आकडा सावकाश वर आला, आणि दुकान बंद करायच्या वेळी पुन्हा चारशेवर येऊन थांबला.

शुक्रवारी सकाळी तिनं आधी चिमटे काढले आणि मोकळ्या मीटरची टोकं स्वतःच्या चिमटीत धरली. नऊशे तीन. ती ती होती. मग चिमटे कॉईलला जोडले. चारशे. मग चिमटे तसेच ठेवून टोकं पुन्हा बोटांत धरली.

दोनशे सत्त्याहत्तर.

कधी हरवलीस तर सापडायला उपयोगी पडेल.

एवढ्यानं काही सिद्ध होत नाही हे तिला कळत होतं. काकांची चोरटी ओल असती तरी गुणाकार-भागाकारानं हेच सांगितलं असतं. ती टोकं न हलवता धरून बसली. तिनं बोटं आवळली नाहीत, नखांकडे बघत होती, नखं गुलाबीच होती. आणि आकडा उतरायला लागला. दोनशे सत्तर. दोनशे अठ्ठावन्न. दोनशे त्रेचाळीस. समोरच्यानं मूठ घट्ट करावी तसा. तिनं घाबरून टोकं सोडली. एकट्या कॉईलवर मीटर तीनशे वीस दाखवत होतं, आणि ते चारशेपर्यंत परत जायला बराच वेळ लागला. जणू ज्याचा हात होता त्याला ती गेलीय हे कळायलाच वेळ लागला.

अकरा वाजता वहिनी आली. "झाली का हो?"

"बस," आत्या म्हणाली. "मीटर बघ."

वहिनीला मीटरमधलं काही कळत नसे, पण हे दोन आकडे तिच्या घरात पंचवीस वर्षं जेवायला बसत होते. ती स्टुलाच्या कडेवर टेकली. "चारशे," ती म्हणाली. मग आत्याचे हात कुठे आहेत ते तिनं बघितलं. मग खुर्चीमागे बघितलं, जिथे भिंत होती.

"काका काय म्हणाले?"

"ओल म्हणाले. नंतर काहीच म्हणाले नाहीत."

"आणि तुम्ही?"

"मी काय म्हणू? कापलं नाही तर गिटार मुकी राहील, पोर नेणार नाही. कापलं तर..." ती काचेकडे बघत होती. "एकदा हात सोडवून घेतलाय गं मी. बोटं मोजून. फोनसाठी. परत नाही सोडवणार."

"म्हणजे काय करणार?"

"राहू दे इथेच. चिमट्याला. पोरीसाठी दुसरं पिकअप बसवते."

"त्यांचं नसलेलं."

"त्यांचं नसलेलं."

"आणि तुम्ही रोज इथे बसून चारशे बघणार."

बाहेरून जड गाडी गेली. छताच्या गिटारी गुणगुणल्या, पण या खेपेला नेहमीसारख्या गुणगुणत राहिल्या नाहीत. टक् करून सगळ्या एकदम थांबल्या. दोघींनी वर बघितलं नाही.

"एक विचारू?" वहिनी हळूच म्हणाली. "दोघांनी हात धरलेला असतो तेव्हा, कुणी कुणाला धरून ठेवलंय हे या मीटरला कळतं का?"

आत्यानं विचार केला. दादानं शिकवलेलं सगळं तिनं मनातल्या मनात उलगडून बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "मीटरला फक्त वाट कळते."

मग आत्यानं टेबलाच्या खणातून पातं काढलं, नवं, आणि वहिनीच्या हातात दिलं.

"तू काप. माझे हात गुंतलेले असणार आहेत."

"मला येत नाही हो."

"मी सांगते ना. इथून सरळ खाली, चुंबक लागेपर्यंत. घाई करू नकोस."

तिनं टोकं पुन्हा चिमटीत घेतली. दोनशे सत्त्याहत्तर. "दादा," ती म्हणाली. नुसती धरून बसली. वहिनीनं पातं टेकवलं. पहिला थर चर्रकन फाटला आणि केसांसारख्या तारा ताणातून सुटून वर उसळल्या, वहिनीच्या मनगटाला गुंडाळल्या. वहिनीनं ओठ आवळले आणि काप चालू ठेवला. हजार. दोन हजार. मग चुंबकावर पातं खरखरलं.

"झालं," वहिनी म्हणाली.

"आता दोन्ही चिमटे काढ."

वहिनीनं ते काढले. आता मीटरला काहीच जोडलेलं नव्हतं. दोन टोकं, आणि त्यांच्यामध्ये एकटी आत्या. काचेवर दोनशे सत्त्याहत्तरच होते.

"झालं ना?" वहिनीनं विचारलं.

"थांब."

या खेपेला आधी सोडायचं नव्हतं. एक मिनिट गेलं असेल, कदाचित दोन. मग आकडा हलला. दोनशे नव्वद, तीनशे वीस. एखादा हात बोटाबोटानं सैल होत जावा तसा सावकाश, न कुरकुरता. तीनशे साठ. तीनशे नव्वद. आत्या मनात त्याला वाट दाखवत होती, चल, चल, नऊशेपर्यंत, मग मी एकटी.

चारशेवर आकडा उभा राहिला.

आत्या वाट बघत होती. चारशे एक. तीनशे नव्व्याण्णव. वर काही जाईना. तिनं बोटं सैल केली, टोकं दुसऱ्या बोटांत घेतली. चारशे.

"वन्सं," वहिनी म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला होता. "तुमचा हात."

आत्यानं टोकं खाली ठेवली आणि तळवे उघडले. जन्माचे कोरडे, कागदासारखे तिचे तळवे ओले होते. रेषारेषांतून घाम साचला होता आणि मनगटाकडे ओघळत होता. वहिनीनं पदराचं टोक पुढे केलं, मग अर्ध्यातच मागे घेतलं.

दुपारी तिनं नवी तार गुंडाळली. वहिनी घरी गेली नाही, चहा करत बसली. आठ हजार वेढे, तोंडानं मोजत, हजार, चहा, दोन हजार, चहा. तार बोटांतून नीट सरकेना म्हणून मध्येच थांबून तिनं कपाटातली खडूच्या पुडीची बाटली शोधून काढली. संध्याकाळी मोजलं, सात पूर्णांक आठ. तारा चढवून वाजवली तेव्हा ती छान झणझणली आणि झणझणत राहिली. शनिवारी सकाळी पोर गिटार पाठीला लावून निघून गेली. जाताना तिनं आत्याचा हात हातात घेतला आणि मग जरा गोंधळून आपला तळवा बघितला. "बाबांसारखा," ती म्हणाली, आणि गाडी सुटत होती म्हणून पळाली.

पुढच्या आठवड्यात मुद्देकाका नवं मीटर घेऊन आले. पेटीच्या त्या दिवसानंतर ते पहिल्यांदाच पायरी चढत होते, म्हणून फार मोठ्यानं बोलत होते. "मुद्दा काय आत्याबाई, हे बरोबर आकडा सांगतं का बघायचंय. तुमचा आकडा गल्लीला पाठ आहे. धरा बघू, नऊशे."

आत्यानं त्यांच्याकडे बघितलं. मग तिनं तळवे ॲप्रनला पुसले, मांडीवर, एकदा डावा, एकदा उजवा. तिथे आधीच दोन काळे डाग पडले होते.

"आज नको काका," ती म्हणाली. "हाताला ओल आलीय."